जुन्या करारातला देव, नव्या करारातला देव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायबल कोऱ्या मनाने वाचायला घेतलं की पहिल्या शंभरेक पानांतच गोंधळ उडतो. हा देव संध्याकाळी बागेत फेरफटका मारतो, डोंगरावर आग आणि धूर होऊन उतरतो, एकदा केलेल्या गोष्टीचा पस्तावा करतो आणि ‘पस्तावायला तो काय माणूस आहे?’ असंही त्याच्याबद्दल ठणकावून सांगितलं जातं. मी ना यहुदी, ना ख्रिस्ती. आवड म्हणून ही पुस्तकं वाचत आलोय, आणि विषय निघाला की लोक फिरून तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदा सलग लिहून काढली. जुना करार म्हणजे बायबलचा पहिला भाग, यहुद्यांचे हिब्रू ग्रंथ; नवा करार म्हणजे येशू आणि त्याच्या अनुयायांविषयीचा दुसरा भाग. पुस्तकांची नावं मराठी बायबलात आहेत तीच ठेवली आहेत: उत्पत्ती, निर्गम, अनुवाद, यशया वगैरे.

जुन्या करारातला देव रागीट आणि नव्यातला प्रेमळ, हे तर खरं ना?

नाही. पहिलाच प्रश्न नेहमी हा असतो, म्हणून उत्तरही आधी देऊन टाकतो.

होशेयच्या अकराव्या अध्यायात देव एखाद्या बापासारखा जुन्या आठवणी काढत बसतो: याला चालायला मी शिकवलं, उचलून कडेवर घेतलं, आणि याला त्याचा पत्ताही नाही. यशयात तो विचारतो, आई आपल्या तान्ह्याला विसरेल का? एक वेळ ती विसरेल, मी विसरणार नाही. ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे वाक्य येशूचं म्हणून सगळ्यांना पाठ असतं. ते लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायातलं आहे आणि येशू ते तिथूनच उद्धृत करतो.

आता उलट बाजू. प्रेषितांच्या कृत्यांत हनन्या आणि सप्पीरा हे जोडपं जमीन विकून आलेल्या पैशातले थोडे मागे ठेवतं, खोटं बोलतं आणि दोघंही जागच्या जागी मरून पडतात. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ‘आपला देव भस्म करणारा अग्नी आहे’ असं वाक्य आहे. प्रकटीकरणाच्या चौदाव्या अध्यायात देवाच्या क्रोधाच्या द्राक्षकुंडातून वाहणारं रक्त घोड्यांच्या लगामापर्यंत चढतं. हे सगळं नव्या करारात.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी मोजत नाही. हिब्रू ग्रंथांत मेलेला माणूस, चांगला असो की वाईट, ‘शिओल’ नावाच्या अंधाऱ्या अधोलोकात जातो आणि तिथे बहुतेक काहीच घडत नाही. मेल्यानंतर काहींना जीवन आणि काहींना कायमची अप्रतिष्ठा, असं स्पष्ट बोलणं दानीएलच्या शेवटच्या अध्यायापर्यंत सापडत नाही. म्हणजे जुन्या करारातला देव कितीही रागावला तरी त्याचा राग माणसाच्या मरणापाशी थांबतो. न विझणारी आग आणि न मरणारा किडा यांची भीती मरणापलीकडे नेऊन ठेवली जाते ती शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रांत), आणि तीही येशूच्या तोंडून.

मग ही समजूत आली कुठून?

तिचा सर्वांत नावाजलेला पुरस्कर्ता म्हणजे मार्सियन. काळ्या समुद्राकाठच्या सिनोपी गावचा जहाजमालक. रोमच्या ख्रिस्ती मंडळीला (चर्चला) त्याने मोठी देणगी दिली होती. इ.स. १४४ मध्ये मंडळीने त्याला बाहेर काढलं आणि पैसेही परत केले. त्याचं म्हणणं सरळ होतं. जग निर्माण करणारा, नियम लावणारा, शिक्षा देणारा यहुद्यांचा देव वेगळा, आणि येशूने दाखवलेला कृपाळू पिता वेगळा. म्हणून त्याने हिब्रू ग्रंथ सगळेच्या सगळे टाकले. लूकचं शुभवर्तमान कापून-छाटून आणि प्रेषित पौलाची दहा पत्रं एवढंच ठेवलं. तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने त्याच्या खंडनासाठी पाच पुस्तकं खर्ची घातली. मंडळीने निवाडा दिला तो मार्सियनच्या विरोधात: देव एकच, आणि दोन्ही करार आपले.

अधिकृतपणे मार्सियन हरला. पण रविवारच्या प्रवचनांतून, शाळेच्या पुस्तकांतून, ‘तो जुन्या करारातला देव झालाय’ असल्या टोमण्यांतून तो जिवंत राहिला. ही समजूत निरुपद्रवी नाही. १९३९ मध्ये जर्मनीतल्या आयझेनाख इथे ख्रिस्ती धर्मातून यहुदी प्रभाव काढून टाकण्यासाठी एक संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिने यहुदी खुणा पुसलेला ‘नवा करार’ छापला. त्यांचा ‘प्रेमळ देव’ कुणाच्या बाजूने उभा होता ते जगाने पाहिलं.

यहुदी लोक ‘जुना करार’ म्हणतात का?

म्हणत नाहीत. त्यांच्या लेखी नवा आलेला नाही, मग जुना कुठला? ते म्हणतात ‘तनाख’: तोरा (नियमशास्त्र), नेविईम (संदेष्टे), केतुविम (लेख) यांची आद्याक्षरं जोडून केलेला शब्द. गंमत अशी की ‘नवा करार’ हे शब्दच यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायातून आलेत आणि तिथे तो करार इस्राएल व यहूदा यांच्या घराण्यांशी व्हायचा आहे.

पुस्तकं तीच, मोजणी वेगळी: यहुद्यांकडे २४, प्रोटेस्टंटांकडे ३९, कॅथलिकांकडे ४६ (यात तनाखबाहेरची काही पुस्तकं धरली आहेत). पण मोजणीपेक्षा क्रम महत्त्वाचा, कारण क्रम बदलला की गोष्ट बदलते. तनाखचं शेवटचं पुस्तक म्हणजे ‘इतिहास’. त्याच्या अखेरीला पारसाचा राजा कोरेश बॅबिलोनमधल्या निर्वासितांना सांगतो की यरुशलेमात मंदिर बांधायचं आहे, ज्याला जायचं त्याने वर जावं. पडदा. म्हणजे देवाची गोष्ट घरी परतण्यापाशी संपते. ख्रिस्ती जुना करार मात्र मलाखीवर संपतो: त्या भयंकर दिवसाआधी मी एलीया संदेष्ट्याला पाठवीन. पान उलटलं की मत्तय, आणि दोन अध्यायांनंतर उंटाच्या केसांचं वस्त्र नेसलेला बाप्तिस्मा करणारा योहान, म्हणजे आलाच एलीया. त्याच मजकुराची रचना बदलून ख्रिस्ती परंपरेने त्याला एक न संपलेलं वाक्य बनवलं, आणि ते पूर्ण करणारा म्हणजे येशू.

यहुदी अजून एलीयाची वाट बघतात. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या, रात्री त्याच्यासाठी पेला भरून ठेवतात. आणि आपल्या कोकणातले बेने इस्राएल त्याच्या नावाने मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. एलियाहू हनाबी अलिबागजवळ येऊन गेला अशी त्यांची श्रद्धा आहे. हा एलीया पुढे पुन्हा भेटेल.

देवाचं नाव काय?

हिब्रूत चार व्यंजनं: योद, हे, वाव, हे. तनाखमध्ये ती ६,८०० हून अधिक वेळा येतात. यहुदी हे नाव उच्चारत नाहीत. वाचताना त्या जागी ‘अदोनाय’ (माझा प्रभू) म्हणतात आणि एरवी बोलताना नुसतं ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’. हिब्रू प्रतींत त्या चार व्यंजनांवर ‘अदोनाय’चे स्वर लिहिलेले असत. ते सरळ जोडून वाचल्यामुळे ‘यहोवा’ हा उच्चार तयार झाला. याशिवाय ‘एलोहीम’ आहे. व्याकरणाने अनेकवचनी, पण क्रियापद एकवचनी.

बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी भाषांतरात एलोहीमसाठी ‘देव’ आणि चार अक्षरांच्या नावासाठी ‘परमेश्वर’ आहे. त्यामुळे ‘परमेश्वर देव’ असा जोडशब्द भेटला तर ती पुनरुक्ती समजू नका. ते नाव आणि पद आहे, ‘यशवंत पाटील’ म्हणावं तसं.

आता खरा मुद्दा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांनी हिब्रू ग्रंथांचं ग्रीक भाषांतर केलं, त्याला सेप्टुआजिंट म्हणतात. त्याच्या ज्या प्रती ख्रिस्ती लोकांनी जपल्या त्यांत त्या नावाच्या जागी ‘किरिओस’ आहे, म्हणजे प्रभू. ग्रीकमध्ये धन्यालाही किरिओस म्हणतात, गुरूलाही. नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला आणि येशूलाही किरिओस म्हटलं गेलं. मग पौल रोमकरांस लिहिताना योएलचं वाक्य घेतो: जो कोणी प्रभूच्या नावाने हाक मारील त्याचं तारण होईल. योएलच्या हिब्रूत तिथे ती चार अक्षरं आहेत. पौलाच्या पत्रात तो प्रभू म्हणजे येशू. दोन धर्मांची वाट जिथे फुटते त्या जागांपैकी ही एक. पौलाने हे नकळत केलं असेल असं मला वाटत नाही. पण तो एक ग्रीक शब्द हाताशी नसता तर त्याला हे इतकं सहज जमलं नसतं.

उत्पत्तीच्या पहिल्या दोन अध्यायांतच देव वेगवेगळा का वाटतो?

कारण तो वेगळा आहे. पहिल्या अध्यायात एलोहीम बोलतो आणि होतं. हात मळत नाहीत, आवाज चढत नाही, सहा दिवस सगळं वेळापत्रकाप्रमाणे. दुसऱ्या अध्यायात परमेश्वर देव कुंभारासारखा माती घेऊन माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत फुंकर मारतो, बाग लावतो. माणूस एकटा पडलाय हे त्याच्या नंतर लक्षात येतं. मग तो जनावरं घडवून एकेक करून माणसापुढे आणतो आणि त्यांतलं एकही जोडीदार म्हणून चालत नाही. तिसऱ्या अध्यायात तो बागेत फिरताना हाक मारतो, ‘कुठे आहेस?’

१७५३ मध्ये झाँ आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने नावांच्या या फरकावरून अंदाज बांधला की मोशेने वेगवेगळे जुने दस्तऐवज वापरले असावेत. पुढे जर्मनीत त्यावर काम होत गेलं आणि १८७८ मध्ये वेलहाउझनने चार स्रोतांचा सिद्धांत मांडला. त्या चार स्रोतांच्या तपशिलांवर आज अभ्यासकांचं एकमत नाही. एकाहून अधिक हातांनी हे लिहिलं, याबद्दल मात्र विद्यापीठीय अभ्यासात फारसा वाद उरलेला नाही. श्रद्धाळू यहुदी परंपरेचं उत्तर वेगळं: एलोहीम हे न्यायाचं नाव, चार अक्षरांचं नाव दयेचं. नुसत्या न्यायावर जग टिकलं नसतं म्हणून दुसऱ्या अध्यायात दोन्ही नावं जोडून येतात. इतिहास म्हणून हे पटो न पटो, वाचन म्हणून उत्तम आहे.

देव पस्तावतो का?

शमुवेलच्या पहिल्या पुस्तकाचा पंधरावा अध्याय उघडा. अकराव्या ओवीत, माफ करा, अकराव्या वचनात, देव म्हणतो, शौलाला राजा केल्याचा मला पस्तावा होतोय. एकोणतिसाव्या वचनात शमुवेल संदेष्टा शौलाला ठणकावतो: इस्राएलचा गौरव (म्हणजे देव) पस्तावत नसतो, तो काही माणूस नाही. पस्तिसाव्या वचनात निवेदक सांगतो, परमेश्वराला पस्तावा झाला. तिन्ही ठिकाणी हिब्रू क्रियापद एकच. लिहिणाऱ्याच्या लक्षात आलं नसेल, असं मानणं म्हणजे त्याला आपल्यापेक्षा मठ्ठ ठरवणं.

आता याच्याशेजारी होशेयचा तो अकरावा अध्याय ठेवा. तिथे देव एफ्राइमला, म्हणजे इस्राएलला, उद्ध्वस्त करायला निघालाय, मन पालटतं आणि तो म्हणतो: मी नाश करणार नाही, कारण मी देव आहे, माणूस नाही. शमुवेल म्हणतो देव माणूस नाही म्हणून मन बदलत नाही. होशेय म्हणतो देव माणूस नाही म्हणूनच मन बदलतो. एकाच विधानातून दोन उलट निष्कर्ष, आणि दोन्ही पवित्र ग्रंथात.

देवाशी वाद घातलेला चालतो?

चालतो, आणि यहुदी परंपरेत त्याला मान आहे. सदोम नगराचा नाश ठरतो तेव्हा अब्राहाम आडवा येतो: तिथे पन्नास नीतिमान असले तर? पंचेचाळीस? चाळीस? भाव उतरवत तो दहापर्यंत आणतो. मध्येच ऐकवतो, ‘सर्व जगाच्या न्यायाधीशाने न्याय करू नये का?’ आपल्याला जनाबाईचं विठोबाला शिव्या घालणं ओळखीचं आहे, पण हा सूर तो नव्हे. जनाबाईचं भांडण घरातलं. अब्राहाम कोर्टात उभा आहे आणि न्यायाधीशाला त्याचाच कायदा दाखवतोय.

हाच अब्राहाम चार अध्यायांनंतर, स्वतःच्या मुलाला वेदीवर चढवायला सांगितलं जातं तेव्हा, एक शब्द बोलत नाही. परक्या गावासाठी घासाघीस आणि पोटच्या पोरासाठी मौन. यहुदी लोक ही गोष्ट नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी सभास्थानात वाचतात आणि पिढ्यानपिढ्या तिच्याशी झगडतात. ख्रिस्ती वाचक तिच्यात बापाने दिलेला पुत्र पाहतो, आणि पौलाचं ‘ज्याने आपल्या पुत्राला राखून ठेवलं नाही’ हे वाक्य तिचाच पडसाद आहे. गोष्ट तीच, पण यहुदी वाचनात मुलगा वाचतो आणि ख्रिस्ती वाचनात देवाचा मुलगा वाचत नाही.

वाद घालण्याची कमाल तालमूदमध्ये, म्हणजे यहुदी गुरुजनांच्या चर्चांच्या ग्रंथात, आहे. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून गुरुजनांत वाद पेटतो. रब्बी एलिएझर एकटे एका बाजूला. ते म्हणतात, माझं खरं असेल तर हे झाड सांगेल, आणि झाड उपटून दूर जातं. ओढा उलटा वाहतो. भिंती झुकतात. शेवटी आकाशवाणी होते की एलिएझरचंच बरोबर. तेव्हा रब्बी यहोशवा उभे राहून ‘अनुवाद’ या पुस्तकातलं वाक्य फेकतात: ‘ते आकाशात नाही.’ नियमशास्त्र आता आमच्या हाती दिलंय, बहुमत आमचं, आकाशवाणी आम्ही मोजत नाही. नंतर एका रब्बीला एलीया भेटतो (हा पहा, पुन्हा आला). रब्बी विचारतो, त्या घटकेला देव काय करत होता? एलीया सांगतो: हसत होता, आणि म्हणत होता, ‘माझ्या पोरांनी मला हरवलं.’

ख्रिस्ती परंपरेत याच्या जवळ जाणारं काही शोधायचं तर मला गेथशेमाने बागेतली रात्र आठवते. येशू ‘अब्बा’ म्हणून विनवतो, हा प्याला टाळ. पण वाक्याचा शेवट ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असा होतो. तिथे पोरगा बापाला हरवत नाही.

सैतान देवाचा शत्रू की नोकर?

कुठलं पुस्तक उघडता त्यावर आहे. ईयोबात ‘हा-सातान’ असं येतं, म्हणजे नाव नव्हे, हुद्दा: आरोप ठेवणारा. तो देवाच्या दरबारात इतर देवपुत्रांबरोबर येतो आणि परवानगी घेऊनच काम करतो.

खरा पुरावा दावीद राजाने केलेल्या शिरगणतीत आहे. शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात (२४:१) परमेश्वराचा कोप भडकतो आणि तोच दावीदाला लोक मोजायला चिथावतो, मग त्याबद्दल शिक्षाही करतो. हीच घटना इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात (२१:१) पुन्हा सांगताना चिथावणारा बदलला आहे: सैतान. इतिहासाचा लेखक नंतरचा, बॅबिलोनहून परतल्यानंतरच्या काळातला. देवाने माणसाला पापात ढकलावं हे त्याला सोसलं नाही. नव्या करारापर्यंत सैतान ‘या जगाचा अधिकारी’ झालेला असतो. देव जसजसा निर्मळ होत गेला तसतसा सैतान मोठा होत गेला, असा माझा हिशेब आहे.

याच्या उलट टोकाला यशया ४५:७: मी प्रकाश घडवतो, अंधार निर्माण करतो, शांती करतो आणि वाईटही निर्माण करतो. यहुद्यांच्या रोजच्या सकाळच्या प्रार्थनेत हे वचन आहे, पण तिथे ‘वाईट’च्या जागी ‘सर्व काही’ म्हणतात. ग्रंथातला शब्द हलवायचा नाही, प्रार्थनेत मात्र जीभ वळवून घ्यायची.

देव कुणाला दिसला आहे का?

निर्गमच्या चोविसाव्या अध्यायात सत्तर वडीलधारे डोंगरावर जातात, ‘इस्राएलच्या देवाला पाहतात’ आणि मग जेवतात. तेहतिसाव्यात मोशे देवाशी मित्रासारखा समोरासमोर बोलतो, आणि नऊच वचनांनंतर देव त्याला सांगतो, माझं मुख पाहून कुणी जिवंत राहत नाही.

‘देवाला पाहिलं’ हे विधान भाषांतरकारांना फार छळत आलंय. सेप्टुआजिंटवाल्यांनी ‘देव जिथे उभा होता ती जागा पाहिली’ असं केलं. ओंकेलोसच्या अरामी भाषांतरात ‘देवाचं तेज पाहिलं’ झालं. बाराव्या शतकात मोशे बेन मैमोन या यहुदी तत्त्वज्ञाने तर देवाला शरीर आहे असं मानणारा पाखंडी, असं लिहून टाकलं. त्यावर प्रोव्हान्सच्या रब्बी अव्राहाम बेन दावीद यांची टीप अशी की याच्यापेक्षा मोठे आणि चांगले लोक तसं मानत आलेत, त्यांना पाखंडी का म्हणायचं? मला ही टीप फार आवडते.

म्हणजे एक परंपरा शतकानुशतकं देवाचं अंग झाकत होती. त्याच वेळी दुसरी म्हणत होती, ‘शब्द देह झाला आणि आमच्यात राहिला.’ योहानच्या पहिल्याच अध्यायात तेही आहे आणि ‘देवाला कुणीही कधी पाहिलेलं नाही, पुत्राने त्याला प्रकट केलं’ हेही. निर्गममधला पेच योहान एका माणसात सोडवतो.

त्रैक्य बायबलात आहे का?

शब्द नाही. पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांची नावं एकत्र येतात, मत्तयच्या शेवटी बाप्तिस्म्याच्या आज्ञेत. पण त्यांच्यातल्या नात्याची व्याख्या ३२५ मधली निकेआची आणि ३८१ मधली कॉन्स्टँटिनोपलची परिषद यांतून घडली. भांडण अवघड होतं कारण दोन्ही बाजूंना वचनं हाताशी होती: ‘मी आणि पिता एक आहोत’ आणि ‘पिता माझ्याहून थोर आहे’, दोन्ही योहानातलीच.

‘आपण माणूस घडवू’ यातल्या ‘आपण’मध्ये ख्रिस्ती वाचकाला त्रैक्य दिसतं. राशीसारखा यहुदी भाष्यकार म्हणतो, देवाने दूतांचा सल्ला घेतला, थोराने लहानांनाही विचारावं हे शिकवण्यासाठी. अब्राहामाच्या तंबूपाशी आलेले तिघे पाहुणे यहुदी वाचनात तीन दूत, आणि रुब्ल्योवच्या प्रसिद्ध रशियन चित्रात त्रैक्य. ‘हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच’ हे वचन मात्र दोघांनाही मान्य. भांडण ‘एक’ या शब्दाच्या अर्थाचं आहे.

‘डोळ्याबद्दल डोळा’ ही तर क्रूर शिक्षाच ना?

तालमूदमध्ये गुरुजनांनी तिचा अर्थ पैशाने भरपाई असाच लावला. प्रत्यक्षात डोळे काढत सुटणारं यहुदी न्यायालय डोळ्यांपुढे आणत असाल तर ते पुसून टाका.

पण अमालेकी लोकांच्या कत्तलीचं काय? बायका-मुलंसुद्धा?

इथे सारवासारव करण्यात अर्थ नाही. शमुवेलच्या त्याच पंधराव्या अध्यायात देवाच्या नावाने आज्ञा आहे: पुरुष, स्त्रिया, तान्ही मुलं, गुरं, सगळ्यांना मारा. शौल अमालेक्यांच्या राजाला आणि चांगल्या गुरांना जिवंत ठेवतो म्हणून त्याचं राज्य जातं.

इतिहास म्हणून काही गोष्टी सांगता येतात. यहोशवाच्या पुस्तकात कनान साफ जिंकलेला दिसतो, आणि लगेच पुढच्या शास्तेच्या पहिल्या अध्यायात तेच कनानी जागोजागी नांदताना दिसतात. आय नगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकडीच्या उत्खननात त्या काळात तिथे वस्तीच नव्हती असं निघालं. म्हणजे जे लिहिलंय ते बहुतांशी घडलेलं नाही. पण त्याने प्रश्न सुटत नाही. असा देव कुणीतरी कल्पिला आणि तो ग्रंथात राहिला.

दोन्ही परंपरांनी या आज्ञेचे दात काढले, आपापल्या हत्यारांनी. मिश्नात, म्हणजे तालमूदच्या मूळ संहितेत, असा युक्तिवाद आहे की अश्शूरच्या सन्हेरीबाने सगळ्या जमाती उलथ्यापालथ्या करून मिसळल्या, तेव्हा आता कोण कुठला हे सांगता येत नाही. पुढे कनानी जमातींबाबतच्या आज्ञाही याच आधारावर बाद झाल्या. वकिली पळवाट, पण माणसं वाचवणारी. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या ख्रिस्ती भाष्यकाराने रूपक केलं: ते शत्रू म्हणजे आपल्या आतली पापं. सुंदर आहे, पण मग मूळ मजकुरातली मुलं कुठे गेली हा प्रश्न मला छळतो. पळवाट शोधणाऱ्या वकिलाने निदान ती मुलं आहेत हे मान्य केलं होतं.

वाडवडलांच्या पापाची शिक्षा नातवंडांना, हे न्यायाचं कसं?

निर्गम ३४ मध्ये देव स्वतःची ओळख करून देतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, हजारोंवर प्रेम करणारा, क्षमा करणारा, पण दोषीला मुळीच निर्दोष न सोडणारा, तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत हिशेब करणारा. यहेज्केल १८ म्हणतो, चालणार नाही. जो पाप करील तोच मरेल. तालमूद हे झाकत नाही. उलट सरळ म्हणतं की मोशेने निवाडा दिला आणि यहेज्केलने येऊन तो रद्द केला.

प्रायश्चित्ताच्या दिवशी सभास्थानात याच ओळी म्हणतात, पण कशा? हिब्रूत ‘वेनाक्के लो येनाक्के’ आहे, ‘निर्दोष ठरवणार नाहीच’ अशा अर्थाचं. प्रार्थना पहिल्या शब्दावर थांबते: ‘वेनाक्के’, निर्दोष ठरवतो. वाक्य मध्येच तोडून अर्थ उलटा केला. यशयाच्या शेवटच्या वचनात किडा आणि आग आहे, तर वाचून झाल्यावर त्याआधीचं वचन पुन्हा म्हणतात, म्हणजे शेवट कडू होत नाही. ख्रिस्ती परंपरा अशा जागी येशूकडे बोट दाखवते. यहुदी परंपरा मजकुराला हात लावत नाही आणि वाचण्याची रीत बदलते. दोन धर्मांतला फरक मला विचाराल तर इथे आहे, राग आणि प्रेम यांत नाही.

मराठीत हे दोन्ही देव कधी आले?

ख्रिस्ती बाजूने १६१६ मध्ये, गोव्यातल्या राचोलला छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’तून. थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीत लिहिलेल्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत: ‘पैलें पुराण’ आणि ‘दुसरें पुराण’. ‘जुना’ आणि ‘नवा’ यापेक्षा ‘पैलें’ आणि ‘दुसरें’ मला केव्हाही बरं वाटतं. पहिल्याला जुनं झाल्याचा शिक्का बसत नाही.

यहुदी बाजूने तर त्याही आधीपासून. कोकणात तेल गाळणारे आणि शब्बाथला घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणवले गेलेले बेने इस्राएल शतकानुशतकं मराठी बोलत होते. त्यांच्यासाठी वल्हांडणाची हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, हिब्रू आणि मराठीत १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी अब्राहाम, मोशे यांच्यावर कीर्तनंही रचली.

सगळं वाचणं होणार नाही. एकच पुस्तक सांगा.

योना. चार अध्याय, ४८ वचनं, चहा निवायच्या आत संपतं.

मासा विसरा, चौथा अध्याय बघा. निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला, देवाने त्यांना सोडलं आणि योना भडकला आहे. निनवे म्हणजे अश्शूरचं नगर, योनाच्या लोकांचा कर्दनकाळ. योना देवाच्या तोंडावर निर्गम ३४ मधलीच ओळख फेकतो: मला ठाऊकच होतं तू कृपाळू, दयाळू, मंदक्रोध आहेस, म्हणून तर मी पळालो. स्तुतीचे शब्द तो तक्रार म्हणून वापरतो. आणि म्हणताना ‘सत्य’ हा एक शब्द गाळतो. त्याच्या बापाचं नाव अमित्तय, ज्याच्यात हिब्रू ‘एमेत’, म्हणजे सत्य, हा शब्द दडलाय. दया केलीस, मग खरेपणाचं काय, हा त्याचा दावा.

यहुदी हे पुस्तक प्रायश्चित्ताच्या दिवशी दुपारी वाचतात. येशू ‘योनाचं चिन्ह’ म्हणतो आणि ख्रिस्ती वाचकाला माशाच्या पोटातले तीन दिवस म्हणजे कबरेतले तीन दिवस दिसतात. तुम्ही कसंही वाचा, शेवट तोच: सावली देणारा वेल सुकला म्हणून योना मरण मागतोय आणि देव त्याला विचारतो, त्या वेलीची तुला कीव येते, मग उजवा-डावा हात न कळणाऱ्या १,२०,००० हून अधिक माणसांच्या या मोठ्या शहराची मला येऊ नये का? आणि इतक्या गुराढोरांची?

योनाने काय उत्तर दिलं ते पुस्तकात लिहिलेलं नाही.